टेक्सासमध्ये मूल स्टार परीक्षेत मागे पडलं तर: समर स्कूल, मोफत ट्यूटरिंग आणि आईबाबांनी करायची कामं

स्टार म्हणजे टेक्सास राज्याची दरवर्षीची शालेय परीक्षा, आणि तिचा रिझल्ट यायचा जूनचा मध्य आला की मला दरवर्षी ठरलेले फोन येतात. नुकतंच भारतातून आलेलं कुटुंब, मूल तिसरी ते आठवीत कुठेतरी, आणि आईचा आवाज एकदम बारीक. "ताई, स्टारचा रिझल्ट आलाय, मॅथमध्ये नापास दाखवतंय, समर स्कूल कंपल्सरी आहे का हो, वर्ष वाया जाणार का, आणि आमची तर पुण्याची तिकिटं काढून झालीत." २०२४ च्या जूनमध्ये मी स्वतः असाच फोन एका ओळखीच्या ताईंना केला होता, माझा मुलगा तेव्हा चौथीत होता आणि रीडिंगमध्ये राहिला होता. त्यानंतर मी इथल्याच एका शाळेत तासावर ट्यूटर म्हणून काम करायला लागले त्यामुळे आता ह्या प्रकाराच्या दोन्ही बाजू माहिती झाल्यात. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. हे टेक्सासच्या पब्लिक आणि चार्टर (सरकारी पैशावर, पण वेगळ्या संस्थेनं चालवलेल्या) शाळांसाठी आहे, मूल प्रायव्हेट शाळेत असेल तर हे नियम तुम्हाला लागू नाहीत.

सगळ्यात आधी धीर धरा. तिसरी ते आठवीत स्टारमध्ये कमी पडलं म्हणून वर्ष रिपीट करायला लावत नाहीत. पूर्वी पाचवी आणि आठवीला तसा नियम होता, परत परीक्षाही घ्यायचे, ते सगळं २०२१ मध्ये हाऊस बिल ४५४५ ह्या राज्याच्या कायद्यानं काढून टाकलं आणि त्याच्या जागी आणलं ट्यूटरिंग. आपल्या डोक्यात महाराष्ट्राचं गणित असतं, तिथे २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झालं तर पुन्हा परीक्षा असं सुरू झालंय, त्यामुळे "नापास" शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. इथे त्या शब्दाचा अर्थ एवढाच की आता शाळेनं तुमच्या मुलाला जास्तीचं शिकवणं कायद्यानं बंधनकारक झालंय, आणि तेही फुकट. मला कळकळीनं सांगायचंय ते हेच, ही शिक्षा नाहीये, हा तुमच्या मुलाचा हक्क आहे, आणि आपली माणसं लाजेपोटी किंवा गैरसमजातून तो सोडून देतात.

रिझल्ट नीट उघडून बघा

ईमेलमधली एक ओळ वाचून थांबू नका. टेक्सास असेसमेंट डॉट गव्ह ह्या साइटवर पालकांसाठी पोर्टल आहे, त्यात मुलाचा ॲक्सेस कोड टाकून आत जायचं. कोड सापडत नसेल तर शाळेच्या ऑफिसला विचारा, ते देतात. आत चार लेव्हल दिसतील, डिड नॉट मीट, अप्रोचेस, मीट्स आणि मास्टर्स. अप्रोचेस म्हणजे पास. बऱ्याच आईबाबांना अप्रोचेस वाचून वाटतं की मूल अजून पोचलंच नाही, तर तसं नाही, अप्रोचेसला ट्यूटरिंग लागत नाही. फक्त डिड नॉट मीट आलं तरच हा सगळा नियम लागू होतो.

आता पुढचं जरा वेळ काढून करा. पोर्टलवर नुसते मार्क नसतात, प्रश्न आणि मुलानं दिलेली उत्तरं पण बघता येतात. आम्ही त्या दिवशी किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, मुलगा शेजारी, आणि रीडिंगचे प्रश्न एकेक करून बघितले. पर्यायांचे प्रश्न ठीकठाक होते. मग निबंधाचा भाग आला. २०२२-२३ पासून स्टार बदलली ना, आता रीडिंगच्या पेपरातच तिसरीपासून एक मोठं उत्तर टाइप करून लिहावं लागतं, दिलेला उतारा वाचून त्यातल्याच गोष्टींचा आधार घेऊन. माझ्या मुलानं त्या भल्यामोठ्या चौकोनात दोन ओळी लिहिलेल्या. त्याही स्वतःच्या मनाच्या, उताऱ्यातलं एक वाक्यसुद्धा नाही. त्या उत्तराला १० पैकी शून्य. मी विचारलं असं का केलंस, तर म्हणाला, "मला वाटलं माझं मत विचारलंय." त्या एका वाक्यात मला कळलं की ह्याला वाचता येतंय, ह्याला काय मागितलंय ते कळलेलं नाही. शाळेला मी पहिली गोष्ट हीच सांगितली आणि ट्यूटरनं पण तिथूनच सुरुवात केली.

लिहिलेलं उत्तर चांगलं आहे तरी मार्क फारच कमी दिसत असतील तर शाळेमार्फत पुन्हा तपासून घेता येतं, त्याची फी असते, पण गुण वाढले तर फी द्यावी लागत नाही. उत्तर खरंच चांगलं वाटलं तरच ह्या वाटेला जा.

रिपोर्टवर मुलाची पातळी सांगणारे, रीडिंगसाठी लेक्साइल आणि मॅथसाठी क्वांटाइल असे आकडे पण असतात. लेक्साइल लायब्ररीत कामाला येतो, त्या आकड्याच्या आसपासची पुस्तकं निवडायची.

किती तास आणि कशी शिकवणी

२०२१ च्या कायद्यात प्रत्येक विषयाला ३० तास होते आणि एका ट्यूटरमागे तीनच मुलं. शाळांना ते झेपेना, माणसंच मिळेनात, म्हणून २०२३ मध्ये हाऊस बिल १४१६ आलं आणि सध्या चालतंय ते हे. थोड्याशा मार्कांनी हुकलेल्या मुलांना विषयाला किमान १५ तास, बरंच खाली असलेल्यांना किमान ३० तास. एका ट्यूटरकडे एका वेळी जास्तीत जास्त चार मुलं. एका वर्षात दोनपेक्षा जास्त विषयांचं बंधन शाळेवर नाही, म्हणजे मूल आठवीत मॅथ, रीडिंग, सायन्स, सोशल सगळ्यात राहिलं तरी दोनच विषय, आणि त्यात मॅथ आणि रीडिंगला आधी मान.

ट्यूटर कसा हवा हेही ठरलेलं आहे. जे साहित्य वापरायचं त्याचं ट्रेनिंग झालेला हवा, आणि शक्यतो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस हवा. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्याकडे चार मुलांचा एक गट होता, अपूर्णांकाचा. नंबर लाइनवर ० ते १ चे चार समान भाग केलेले, आणि एक मुलगी दरवेळी पंचमांश लिहायची. आठवडाभर मला समजेना. मग मी तिला म्हटलं बोट ठेवून मोज, तर ती भाग मोजतच नव्हती, उभ्या रेघा मोजत होती, शून्याची आणि एकची धरून रेघा पाच होतात. चूक सापडल्यावर दहा मिनिटांत सुटली. दर आठवड्याला माणूस बदलला असता तर प्रत्येकानं तिला अपूर्णांक पहिल्यापासून शिकवला असता आणि ती रेघाच मोजत राहिली असती.

तासांऐवजी शाळा दुसरा पर्याय पण देऊ शकते, पुढच्या वर्षी त्या विषयासाठी मुलाला रेकग्नाइज्ड, एक्झेम्प्लरी किंवा मास्टर हे सरकारी मानांकन असलेल्या टीचरचा वर्ग देणं. मग वेगळे तास नाहीत. असं कळवलं तर घाबरू नका, चांगली गोष्ट आहे. काही शाळा सरकारनं मान्य केलेला कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरतात, तिथे चार मुलांची अट सुटते. माझं मत विचाराल तर नुकत्या आलेल्या मुलासाठी समोर माणूस असलेला बरा, मूल अडलं की तोंडावर दिसतं ना.

उन्हाळ्यातच करावं लागतं का, आणि तिकिटांचं काय

नाही, उन्हाळ्यातच असं बंधन नाही. कायदा म्हणतो उन्हाळ्यात किंवा पुढच्या शाळेच्या वर्षात. खरं तर इथली शाळा मेच्या शेवटी सुटते, तिसरी ते आठवीचा रिझल्ट जूनच्या मध्यावर येतो, तोपर्यंत बऱ्याच डिस्ट्रिक्टचं (म्हणजे त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) समर स्कूल सुरूही झालेलं असतं, म्हणून बहुतेक शाळा हे तास ऑगस्टपासून शाळेच्या वेळेतच बसवतात. वर्षभरात घेतले तर आठवड्यातून किमान एकदा तरी घ्यायचे असतात, सुट्ट्यांचे आठवडे सोडून.

तेव्हा तिकिटं कॅन्सल करू नका. आजी-आजोबांना दोन वर्षांनी नातवंडं भेटणार असतात, ते काही कमी महत्त्वाचं नाही. फक्त निघायच्या आधी शाळेला लेखी कळवा की आम्ही अमुक ते अमुक तारखेला देशाबाहेर आहोत, तास शाळा सुरू झाल्यावर लावावेत. आम्ही तेच केलं. पण इथे असाल आणि शाळा उन्हाळ्यात तास देत असेल तर मी म्हणेन घ्या, कारण सकाळी मूल ताजंतवानं असतं, बाकीच्या विषयांची घाई नसते आणि तास लवकर भरतात. जायची यायची अडचण असेल तर विचारा, शाळेच्या वेळेबाहेर हे तास ठेवले आणि डिस्ट्रिक्टची बस सेवा असेल तर ने-आण करणं त्यांची जबाबदारी आहे. एका गाडीवर चालणाऱ्या घरांना हे माहीतच नसतं आणि ते सरळ नाही म्हणून मोकळे होतात.

शाळेच्या वेळेत तास असतील तर एक बघा. ट्यूटरिंगसाठी मुलाला रिसेसमधून, म्हणजे खेळाच्या सुट्टीतून, किंवा व्यायामाच्या तासातून काढता येत नाही, आणि त्याच्या इयत्तेच्या नेहमीच्या विषयांच्या वर्गातून पण नाही. मूल घरी येऊन म्हणालं की मला रोज रिसेसला बाहेर जाऊ देत नाहीत, ट्यूटरिंग असतं, तर प्रेमानं पण स्पष्ट ईमेल करा.

ईमेल कुणाला आणि काय लिहायचं

काउन्सेलरला, प्रिन्सिपलला कॉपी. फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळींचा ईमेल टाकाच, लेखी असलं की बरं पडतं. विचारायचं असं की माझ्या मुलाला कोणत्या विषयाचे किती तास लागू आहेत, १५ की ३०, ते कधी आणि कुठल्या पीरियडला होणार, गटात किती मुलं असतील, शिकवणार कोण, आणि झालेल्या तासांची नोंद मला कधी कळेल. एवढंच. भांडणाचा सूर नको, टीचर लोक खूप राबतात इथे, आपण नीट विचारलं तर मनापासून मदत करतात हा माझा अनुभव आहे. इंग्रजीत बोलायचा संकोच वाटत असेल तर मीटिंगला दुभाषा मागा, मराठीचा फोनवर मिळू शकतो, त्यात कमीपणा काहीच नाही.

अजून एक हक्क लोकांना माहीत नसतो. ज्या विषयात मूल राहिलं त्या विषयाला पुढच्या वर्षी अमुक टीचर मिळावा अशी विनंती तुम्ही करू शकता, शाळेत त्या विषयाचे एकापेक्षा जास्त टीचर असतील तर. त्यासाठी डिस्ट्रिक्टची ठरलेली पद्धत असते, ती विचारून घ्या आणि उन्हाळ्यातच अर्ज करा, ऑगस्टमध्ये वर्ग लागल्यावर जागा नसते.

सलग दोन वर्षं एकाच विषयात राहिलं तर शाळेला मुलासाठी लेखी प्लॅन करावा लागतो, का मागे पडलं, काय जास्तीचं देणार, किती तास. त्याची कॉपी मागून घ्या आणि वाचा, नुसती फाइलला लावू नका. मुलाचं स्पेशल एज्युकेशन चालू असेल तर हे सगळं त्याच्या एआरडी कमिटीत, म्हणजे त्याचं स्पेशल एज्युकेशन ठरवणाऱ्या कमिटीत ठरतं.

सही करायच्या आधी

हाऊस बिल १४१६ ने पालकांना लेखी विनंती करून हे ट्यूटरिंग बदलून घ्यायची किंवा नको म्हणायची मुभा दिली. हा कागद नुकत्या आलेल्या घरात हमखास पटकन सही होतो. आमच्या ओळखीच्या एका घरात शाळेतून आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात तो होता, बाबांनी फील्ड ट्रिपच्या फॉर्मबरोबर त्यावर पण सही केली, आणि डिसेंबरमध्ये विचारायला गेले की तास का नाहीत, तर उत्तर मिळालं तुम्हीच नको म्हणालात. म्हणून प्रत्येक कागद वाचा. आणि हे पण लक्षात ठेवा की शाळेनं तुम्हाला नको म्हणायला सुचवायचं किंवा उद्युक्त करायचं नसतं, कायद्यात तशी मनाई आहे.

काही जण मुद्दाम नको म्हणतात, कारण "आम्ही बाहेर क्लास लावलाय." महिन्याला दोनशे-तीनशे डॉलर देऊन वर्कशीट आणतात आणि शाळेतले चार मुलांमधले फुकटचे तास सोडतात. मला हे अजिबात पटत नाही. बाहेरचा क्लास लावायचाच तर लावा, पण शाळेचे तास घेऊन वर.

भारतातून आलेली मुलं कुठे अडकतात

हे ट्यूटरला आवर्जून सांगा, कारण त्यांना आपल्याकडची पद्धत माहीत नसते. पहिलं म्हणजे मोठ्या संख्या. आपली मुलं लाख-कोटीत वाढलेली, १,००,००० असा स्वल्पविराम, इथे तोच आकडा १००,०००, आणि चौथीत बिलियनपर्यंत जातात. मुलाला स्थानिक किंमत येत असते, स्वल्पविराम बघून घोळ होतो. दुसरं मापं. इंच, फूट, यार्ड, औंस, पाउंड, आणि कप-पिंट-क्वार्ट-गॅलन ही उतरंड. परीक्षेत मापांचा तक्ता दिलेला असतो, पण तो वापरायची सवय लागते, माझ्याकडची निम्मी मुलं तो उघडतच नव्हती. घरी दुधाचा गॅलनचा कॅन आणि मेजरिंग कप घेऊन सिंकपाशी पाणी ओतून मोजायला लावा, एका संध्याकाळी डोक्यात बसतं. तिसरं पैसे, निकल-डाइम-क्वार्टर ही पाच, दहा आणि पंचवीस सेंटची नाणी, मुलं क्वार्टर म्हणजे पंचवीस हे पाठ करतात पण पाव हा अर्थ जोडत नाहीत, तो जोडून द्या, आपल्याकडे पाव-अर्धा-पाऊण आहेच की.

चौथं भाषा. शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म भरून घेतात. खूप जण तिथे मुद्दाम इंग्लिश लिहितात, मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील ह्या भीतीनं. असं करू नका. मराठी लिहिलं की चार आठवड्यांच्या आत मुलाचं इंग्रजी तपासतात, गरज असेल तर भाषेची मदत मिळते, आणि अशा मुलांच्या भाषेचं बघणारी एलपीएसी नावाची कमिटी परीक्षेतल्या सोयी पण ठरवते, जसं की प्रश्न वाचून दाखवणं. ट्यूटरिंगचं ठरवतानाही मूल भाषेमुळे अडलंय की विषयामुळे हे बघायला ह्याच माहितीचा उपयोग होतो. आणि घरात मराठी बंद करू नका. माझ्या मुलाला उताऱ्यातला आधार शोधायची सवय मी मराठीतूनच लावली, आजीनं फोनवर गोष्ट सांगितली की मी विचारायचे, "कोल्हा लबाड होता हे तुला कशावरून कळलं?" आणि तो शोधून सांगायचा. तेच पुढे इंग्रजीत लिहायला लागला.

मूल हायस्कूलमध्ये असेल तर

इथे मात्र जपून, नियम वेगळे आहेत. अल्जेब्रा १, इंग्लिश १, इंग्लिश २, बायॉलॉजी आणि यू एस हिस्टरी ह्या पाच परीक्षा ग्रॅज्युएशनला, म्हणजे हायस्कूल पूर्ण करायला लागतात. राहिलेल्या विषयाचं ट्यूटरिंग मिळतंच, पण परीक्षा पण परत द्यायची असते, ती वसंतात, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होते. म्हणजे हायस्कूलवाल्यांना जूनचे तास खरंच कामाचे, लगेच परीक्षा असते, इथे तिकिटाची तारीख जरा पुढे ढकलता आली तर बघा. जास्तीत जास्त दोन विषय शेवटपर्यंत सुटलेच नाहीत तर शाळेची एक कमिटी मुलाचं बाकी काम बघून ग्रॅज्युएशनचा निर्णय घेऊ शकते.

आणि दहावी वगैरे करून आलेल्यांनी मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला सगळं बरोबर आणा. इथे नाव घालायच्या आधी पूर्ण केलेल्या एखाद्या विषयाचं क्रेडिट डिस्ट्रिक्टनं मान्य केलं तर त्या विषयाची ही परीक्षा द्यावी लागत नाही. मी एका मुलाला विनाकारण अल्जेब्रा १ ला बसताना बघितलंय, मार्कशीट नाशिकला कपाटात होती.

स्टार स्वतःच फार वर्षं राहणार नाही हेही माहीत असू द्या. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाऊस बिल ८ प्रमाणे २०२७-२८ पासून तिच्या जागी वर्षातून तीन छोट्या परीक्षा येणार आहेत, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. तोपर्यंत वर लिहिलेलं सगळं चालू आहे.

आता कॅलेंडरवर दोन तारखा टाकून ठेवा. सप्टेंबरच्या सुरुवातीची लेबर डेची सुट्टी झाली की पहिल्या आठवड्यात विचारा तास सुरू झाले का, आणि जानेवारीत शाळा उघडली की विचारा आतापर्यंत किती झाले. स्टार एप्रिलमध्ये सुरू होते, जानेवारीत कळलं की ३० पैकी ६ च झालेत तर अजून भरून काढायला वेळ असतो. माझ्या मुलाचे तेव्हा ११ झाले होते, मी ईमेल केला, त्यांनी आठवड्याला दोनदा केलं आणि मार्चच्या शेवटी तास पूर्ण झाले.